पंक्चर काढताना घाई करू नका
सायकलची हवा गेलेली ट्यूब बाहेर काढल्यावर तीत थोडी हवा भरावी, घमेल्यातील पाण्यात ती इंच-इंच फिरवावी आणि बुडबुडे येतील तिथे खूण करावी. ती जागा कोरडी करून काचकागदाने खरबरीत होईपर्यंत घासावी, रबर चिकटवायच्या सोल्यूशनचा पातळ थर रबरी पॅचपेक्षा जरा मोठा लावावा आणि तो ओला दिसेनासा होईपर्यंत, म्हणजे साधारण ५ मिनिटे, थांबूनच पॅच दाबून बसवावा. मी बडोद्यातल्या पहिल्या उन्हाळ्यात ओल्यावरच पॅच चिकटवला आणि मांडवीपासून घरापर्यंत सायकल ढकलत आणली. ट्यूब परत घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोटे जपून फिरवावीत, कारण बाभळीच्या काट्याचे टोक पुष्कळदा तिथेच मोडून राहिलेले असते. टायर शक्यतो हातानेच चढवावा. पान्ह्याने रेटल्यास ट्यूब चिमटते.