जखम आहे, कागद नाही

वाचकांचे प्रश्न

अमेरिकेच्या सैन्यात शत्रूच्या हातून जखमी झालेल्या जवानाला ‘पर्पल हार्ट’ हे पदक मिळते. जखम झाली, उपचारही झाले, पण सेवेच्या नोंदीत पदक नाही, अशी तक्रार करणारी बरीच पत्रे आली आहेत. बहुतेक पत्रे जावई, सुना आणि आईवडिलांची आहेत. त्यांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : माझे सासरे १९६८ मध्ये लष्करातून व्हिएतनामला होते. मॉर्टरच्या (उखळी तोफेच्या) गोळ्याचे तुकडे पायात घुसले. इस्पितळात कोणीतरी येऊन पदक उशीला लावून गेले, असे ते सांगतात. डीडी-२१४ वर, म्हणजे सेवामुक्तीच्या दाखल्यावर, मात्र पर्पल हार्टचा उल्लेख नाही. इतक्या वर्षांनी अर्ज चालतो का? सुरुवात कुठून करायची?

उत्तर : चालतो. शौर्यपदकांना वरिष्ठांची शिफारस लागते. मुदत उलटून गेली असेल तर ती प्रकरणे काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्यामार्फत पुढे न्यावी लागतात. पर्पल हार्टचे तसे नाही. त्याची शिफारस होत नाही. निकषात बसणाऱ्याचा तो हक्कच असतो. निकष तीन आहेत : जखम शत्रूच्या कृतीमुळे झालेली असावी, वैद्यकीय अधिकाऱ्याच्या उपचाराची गरज पडेल इतकी ती असावी आणि त्या उपचाराची अधिकृत नोंद असावी.

अर्ज भरण्याच्या आधी पूर्ण फाइल मागवा. सेंट लुईस (मिझुरी) इथल्या राष्ट्रीय कर्मचारी नोंद केंद्राकडे एसएफ-१८० या फॉर्मवर किंवा ऑनलाइन मागणी करता येते. नुसती ‘डीडी-२१४ ची प्रत’ मागितली तर तेवढीच येते, म्हणून ‘संपूर्ण सेवा फाइल आणि वैद्यकीय नोंदी’ असे स्पष्ट लिहा. इस्पितळात दाखल असतानाचे कागद जवानाच्या फाइलमध्ये नसतात. ते इस्पितळाचे नाव आणि वर्ष यांनुसार वेगळे ठेवलेले असतात. त्यामुळे इस्पितळ कोणते, साल कोणते आणि शक्य असेल तर महिना कोणता, हे लिहायलाच हवे. ‘व्हिएतनाममधले एक इस्पितळ’ एवढ्यावर शोध लागत नाही.

फाइल आली की आधी ‘डीए फॉर्म २०’ हा सेवेच्या नोंदींचा तक्ता काढा. त्यातला ४० वा रकाना जखमांचा आणि ४१ वा पदकांचा. नेमणुकांच्या ३८ व्या रकान्यात ‘रुग्ण’ अशी नोंद आणि इस्पितळाचे नाव सापडले, तर तारखांचा धागा हाती येतो. व्हिएतनाममध्ये पर्पल हार्टचे आदेश पुष्कळदा इस्पितळानेच काढलेले असत. जवान बरा होऊन तुकडीत परतला, पण आदेशाची प्रत मागेच राहिली, असे खूप झाले आहे. तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत हीच शक्यता मोठी दिसते. त्या काळातल्या लष्करी पदकांच्या आदेशांची संगणकीय सूची आहे. तिच्यात आणि व्हिएतनामच्या जखमींच्या यादीत नाव शोधण्याची विनंती अर्जातच करा.

आदेश सापडला तर काम सोपे आहे. नवा डीडी-२१४ सहसा निघत नाही. डीडी-२१५ नावाचे दुरुस्तीपत्र निघते आणि ते मूळ कागदाला जोडून ठेवायचे असते. आदेश सापडला नाही तर पुराव्यांसह अर्ज केंटकीतल्या फोर्ट नॉक्स इथल्या लष्कराच्या मनुष्यबळ कमांडकडे, त्यांच्या पदक विभागात जातो. तिथून नकार आला तरच लष्करी नोंदींतल्या चुका सुधारणाऱ्या दुरुस्ती मंडळाकडे जायचे. पुष्कळ जण मधली पायरी गाळून थेट मंडळाकडे अर्ज करतात. मंडळ तो ‘आधी खाली विचारा’ म्हणून परत पाठवते आणि काही महिने वाया जातात.

प्रश्न : माझ्या नवऱ्याच्या वडिलांना व्हेटरन्स अफेअर्स (व्हीए) या माजी सैनिकांच्या खात्याकडून याच जखमेसाठी अपंगत्वाची भरपाई मिळते. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, त्यात धातूचा तुकडा स्पष्ट दिसतो. सरकारचेच एक खाते जखम मान्य करते, तरी दुसरे पदक का देत नाही?

उत्तर : जवळजवळ प्रत्येक पत्रात हा प्रश्न या ना त्या रूपात येतो. व्हीए पाहते ते एवढेच, की इजा सेवेत असताना झाली का. ट्रक उलटून पाय मोडला तरी भरपाई मिळू शकते. पर्पल हार्टसाठी प्रश्न वेगळा असतो : ही जखम कोणी केली? एक्स-रेमधला तुकडा धातूचा आहे हे कळते. तो शत्रूच्या गोळ्याचा आहे की स्वतःच्याच छावणीतल्या अपघाती स्फोटाचा, हे एक्स-रे सांगत नाही. अर्जदार जखमेचे पुरावे ढिगाने जोडतात आणि शत्रूचा एकही जोडत नाहीत. नकारपत्रातही बहुधा तेच लिहिलेले असते, फक्त कार्यालयीन भाषेत.

म्हणून पुराव्यांची जुळणी शत्रूपासून सुरू करा. त्या दिवशी त्या ठिकाणी हल्ला झाला होता हे तुकडीच्या दैनंदिन नोंदवहीतून किंवा कारवाईनंतरच्या अहवालातून दाखवता येते. व्हिएतनामच्या काळातले असे कागद मेरीलँडमधल्या कॉलेज पार्क इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. तारीख आणि बटालियन माहीत असेल तर शोध आवाक्यात राहतो. त्याच तारखेची उपचाराची चिठ्ठी शेजारी ठेवली की दोन कागद एकमेकांना आधार देतात. चिठ्ठीवर ‘फ्रॅगमेंट वूंड’ (तुकड्याची जखम) एवढेच असले तरी हरकत नाही. मग तारीख जुळणे महत्त्वाचे ठरते. घरी आलेली तार असेल तर ती सोन्यासारखी जपा. मात्र किरकोळ जखमांची तार घरी जात नसे, त्यामुळे ती नाही म्हणून खचू नका.

साक्षीदारांचेही इथेच बोलून टाकतो. जखमी जवान स्वतः सोडून, प्रत्यक्ष पाहिलेल्या निदान दोघांची निवेदने द्या. ‘आमच्या तुकडीतला तो शूर माणूस होता’ या वाक्याला पुरावा म्हणून किंमत नाही. साक्षीदाराने आपला तेव्हाचा हुद्दा आणि तुकडी लिहावी. तो किती अंतरावर होता, मारा कोणत्या दिशेने आला, काय फुटले, रक्त कुठे आले, कोणी पट्टी बांधली, हेलिकॉप्टर आले का, हे सगळे यावे. जे आठवत नाही ते आठवत नाही असे लिहावे. त्याने निवेदन कमकुवत होत नाही, उलट विश्वासार्ह होते. दोन निवेदनांतली वाक्ये शब्दशः सारखी असली की दोन्ही बाद झाल्यासारखीच. नोटरीची गरज नाही. ‘खोटे असल्यास शिक्षेस पात्र’ अशा अर्थाचे कायद्यातले वाक्य, सही आणि तारीख पुरते. जुने सोबती शोधायला तुकडीच्या संघटना आणि त्यांचे वार्षिक मेळावे सर्वांत उपयोगी पडतात.

प्रश्न : माझा मुलगा २०११ मध्ये अफगाणिस्तानात होता. रस्त्यालगत पेरलेला बॉम्ब फुटला तेव्हा तो गाडीत होता. बाहेरून जखम नाही, पण डोक्याला मार बसला. अजून डोकेदुखी आणि विसराळूपणा आहे. अर्ज नाकारला गेला. मेंदूची इजा जखम मानत नाहीत का?

उत्तर : मानतात, पण मोजून. संरक्षण खात्याने २०११ मध्ये निकष स्पष्ट केले आणि ११ सप्टेंबर २००१ पासूनच्या घटनांना ते लागू केले. स्फोटाच्या धक्क्याने शुद्ध हरपलेली असावी, किंवा लक्षणे टिकून राहिल्यामुळे घटनेपासून ४८ तासांहून अधिक काळ पूर्ण कामावर जाण्यास बंदी असावी. शिवाय वैद्यकीय अधिकाऱ्याचे उपचार आणि त्यांची नोंद हवीच.

नकाराचे कारण बहुधा त्या ४८ तासांत असेल. २०१० च्या आदेशानुसार स्फोटापासून ५० मीटरच्या आत असलेल्या प्रत्येकाची तपासणी होत असे आणि निदान २४ तासांची सक्तीची विश्रांती दिली जाई. मुलाच्या कागदांत फक्त ती २४ तासांची विश्रांती दिसत असेल तर ती सरसकट दिलेली विश्रांती समजली जाते. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही तो कामावर नव्हता हे दाखवणारा कागद शोधा : काम मर्यादित करणारी वैद्यकीय चिठ्ठी, डोक्याला मार बसल्यावर होणाऱ्या ‘मेस’ (एमएसीई) या तपासणीचे गुण, पुन्हा दाखवायला गेल्याची एसएफ-६०० या उपचारांच्या नोंदपत्रावरची नोंद. त्याची वैद्यकीय फाइल आता सेंट लुईसऐवजी व्हीएकडे असण्याची शक्यता जास्त आहे. तिकडे २०-१०२०६ या फॉर्मवर मागणी करा. स्फोट शत्रूचाच होता याला तुकडीचा घटना-अहवाल लागतो. तो माहितीच्या अधिकारात मागता येतो.

मानसिक आघात, म्हणजे पीटीएसडी, या पदकात बसत नाही. उष्माघात, हिमदंश, आजारपण, शत्रूच्या कृतीशी संबंध नसलेले अपघात हेही नाही. व्हिएतनाममध्ये झाडी नष्ट करायला फवारलेल्या एजंट ऑरेंज या रसायनामुळे झालेले आजारही नाहीत. पटो न पटो, नियम असा आहे आणि अशा कारणांवर अर्ज करून पदरी निराशाच येते. शत्रूशी लढाई चालू असताना आपल्याच बाजूची गोळी लागली तर मात्र पदक मिळू शकते.

प्रश्न : यजमानांचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात युरोपात लढले. फाइल मागवली तर ‘आगीत नष्ट’ असे उत्तर आले. आजोबा हयात नाहीत. आता मार्ग संपला का?

उत्तर : १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसच्या केंद्राला आग लागली. १९१२ ते १९६० या काळात लष्करातून बाहेर पडलेल्यांच्या सुमारे ८० टक्के फाइली त्यात गेल्या. सगळेच कागद त्या एका इमारतीत नव्हते, हे त्यातल्या त्यात बरे.

घरातली जुनी पेटी आधी उघडा. त्या काळचे सेवामुक्तीपत्र म्हणजे ‘डब्ल्यूडी एजीओ ५३-५५’. त्यात ३३ व्या रकान्यात पदके आणि ३४ व्यात लढाईतल्या जखमा लिहिलेल्या असतात. ३४ मध्ये तारीख आणि ठिकाण आहे, पण ३३ मध्ये पर्पल हार्ट नाही, असा कागद मिळाला तर अर्धे काम झाले. घरात नसेल तर आजोबा युद्धानंतर जिथे राहायला गेले तिथल्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) नोंदणी कार्यालयात विचारा. अनेकांनी हा कागद तिथे नोंदवून ठेवला होता. काही राज्यांनी युद्धानंतर सैनिकांना बोनस दिला, त्या अर्जांतही प्रती सापडतात.

त्यापुढे तुकडीचे ‘मॉर्निंग रिपोर्ट’ येतात. रोज सकाळी कंपनीत कोण हजर, कोण जखमी, कोण इस्पितळात, हे त्यात लिहीत. कंपनी आणि महिना दिल्याशिवाय ते शोधता येत नाहीत. १९४२ ते १९४५ मधल्या इस्पितळ-प्रवेशाच्या सर्जन जनरलच्या नोंदीही आहेत. त्या नावाने नव्हे, सेवा क्रमांकाने शोधायच्या असतात आणि अपुऱ्या आहेत. त्यात आजोबा नसले म्हणजे ते जखमी झालेच नाहीत असा अर्थ होत नाही. वैद्यकीय माहिती नव्याने जुळवण्यासाठी केंद्राचा ‘एनए १३०५५’ हा फॉर्म भरून द्या.

मृत सैनिकाच्या वतीने पती किंवा पत्नी, जवळचे वारस किंवा कायदेशीर प्रतिनिधी अर्ज करू शकतात. मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडावा लागतो. नोंदी मिळवताना नातवंडे जवळच्या नातलगांच्या व्याख्येत बसत नाहीत, पण सेवामुक्तीला ६२ वर्षे झाली की फाइल सर्वांना खुली होते. आजोबांच्या बाबतीत ती अडचण उरलेली नाही. मंडळाकडचा अर्ज मात्र यजमानांच्या आईवडिलांपैकी ज्यांचे ते वडील, त्यांच्या सहीने जावा. प्रश्नच उद्भवत नाहीत.

प्रश्न : पदक विभागाने नाकारले. दुरुस्ती मंडळाचा अर्ज कसा भरायचा? वकील लागतो का?

उत्तर : फॉर्म डीडी-१४९. शुल्क नाही. लष्कर आणि हवाई दल यांची मंडळे स्वतंत्र आहेत. नौदल आणि मरीन यांचे मिळून एक, तर तटरक्षक दलाचे होमलँड सिक्युरिटी खात्याकडे. मंडळावर नागरी अधिकारी असतात आणि निर्णय बहुधा कागदांवरच होतो. सुनावणी मागता येते, पण ती हक्काने मिळत नाही.

चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची मुदत कायद्यात आहे, पण न्यायाच्या हिताचे असेल तर मंडळ ती माफ करू शकते. त्यासाठी फॉर्मवर रकाना असतो. तो कोरा सोडू नका. चूक कधी आणि कशी कळली हे दोन ओळींत लिहा.

मागणी नेमकी हवी. ‘न्याय मिळावा’ असे लिहून काही होत नाही. ‘अमुक तारखेला अमुक ठिकाणी शत्रूच्या मॉर्टरच्या माऱ्यात झालेल्या जखमेबद्दल पर्पल हार्ट देऊन डीडी-२१४ मध्ये नोंद करावी’ असे लिहा. पुराव्यांना क्रमांक द्या आणि कोणता पुरावा कोणत्या निकषासाठी आहे ते एका पानावर मांडा. कार्यालयाने नोंदी बरोबरच ठेवल्या आहेत असे मंडळ गृहीत धरते. ते खोडून काढण्याचा भार अर्जदारावर असतो. आधीच्या नकारपत्राची प्रत जोडायला विसरू नका. मूळ कागद कधीही पाठवू नका.

वकील सक्तीचा नाही. अमेरिकन लीजन, व्हीएफडब्ल्यू, मिलिटरी ऑर्डर ऑफ द पर्पल हार्ट या माजी सैनिकांच्या संस्थांचे अधिकृत प्रतिनिधी मोफत मदत करतात. मंडळांचे जुने निर्णय नावे काढून प्रसिद्ध झालेले आहेत. आपल्यासारखी पाच-सहा प्रकरणे वाचली तर कशावर घोडे अडते ते कळते. बहुतेक अर्जांचा निकाल दहा महिन्यांत आणि कोणताही अर्ज अठरा महिन्यांत निकाली काढावा, असे कायदा सांगतो.

तिथेही नकार आला तर आधी न दिलेला पुरावा जोडून फेरविचार मागता येतो. तोच गठ्ठा पुन्हा पाठवून उपयोग नाही. त्यापुढे संघीय न्यायालय. वॉशिंग्टन डी.सी.च्या संघीय अपील न्यायालयाने २०१४ मध्ये एका व्हिएतनाम सैनिकाच्या बाजूने निर्णय दिला. त्याच्यावर उपचार चालू असतानाच हल्ला झाला आणि नोंद करायची राहून गेली. मंडळाने ‘नोंद नाही’ म्हणून पदक नाकारले होते. अपुरी नोंद दुरुस्त करणे हेच तर मंडळाचे काम, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

प्रश्न : पदकाबरोबर पैसे मिळतात का?

उत्तर : रोख रक्कम नाही. व्हीएच्या आरोग्यसेवेत निदान तिसरा अग्रक्रम गट मिळतो. ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या जखमेबद्दल पदक असेल आणि सेवामुक्ती सन्मानाने झाली असेल, तर सेवेचा काळ कितीही कमी असला तरी पोस्ट-९/११ जीआय बिल या सैनिकांच्या शिक्षण योजनेचा शंभर टक्के लाभ मिळतो. डीडी-२१५ हाती आले की त्याची प्रत स्वतः व्हीएला पाठवा. ती आपोआप तिकडे पोचेल असे धरून बसू नका.