मुख्य खेळाडू अपयशी ठरला तरी बास्केटबॉल संघ विश्वविजेता होऊ शकतो का?

अमळनेरच्या शालेय संघातील आपल्या या प्रश्नाला २०२३ च्या विश्वचषकातील जर्मनीची मोहीम हेच सर्वांत नेमके उत्तर आहे. उपांत्यपूर्व फेरीत लॅटव्हियाविरुद्ध कर्णधार डेनिस श्रोडरच्या २६ प्रयत्नांपैकी केवळ ४ यशस्वी झाले, लॅटव्हियाचा अखेरच्या क्षणाचा तीन गुणांचा फटकाही थोडक्यात हुकला, आणि जर्मनी ८१-७९ अशी जेमतेम तरली. परंतु पहिल्याच सामन्यात घोटा दुखावल्याने बाहेर बसलेला जर्मनीचा खेळाडू फ्रान्झ वाग्नर त्याच लढतीत परतला होता आणि प्रशिक्षक गॉर्डन हर्बर्ट यांचा कर्णधारावरील विश्वास ढळला नाही. उपांत्य सामन्यात अमेरिकेला ११३-१११ असे हरवताना आंद्रेयास ओब्स्टने २४ गुण केले. मनिला येथील अंतिम सामन्यात सर्बियाविरुद्ध (८३-७७) श्रोडरने २८ गुण मिळवले आणि तोच स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. आठही सामने जिंकून जर्मनीने मिळवलेले हे पहिलेच विश्वविजेतेपद होते.

आपल्या जळगाव-धुळ्याकडील शालेय सामन्यांत सर्वांत उंच मुलाकडेच चेंडू देत राहण्याची सवय दिसते, आणि ती मला मनापासून खटकते. आपल्या संघाने त्या विश्वचषकाचा अंतिम सामना पाहण्याआधी जर्मनीचा लॅटव्हियाविरुद्धचा सामना अवश्य पाहावा.