प्राग चालत बघायचंय? मग चढू नका, उतरा

प्रश्न : नमस्कार. मी आणि मिसेस, दोघंही साठीच्या पुढचे, पहिल्यांदाच युरोपला चाललोय. मुलगी जर्मनीत असते, तिच्याकडून दोन दिवस प्रागला जायचं ठरलंय. ती म्हणते बाबा सगळं चालतच बघा, पण मिसेसचे गुडघे कुरकुरतात आणि मला रस्ते अजिबात लक्षात राहत नाहीत. जमेल का, की सरळ टूर बसचं तिकीट काढू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : काका, बसचं तिकीट नका काढू. जुन्या शहरातल्या बऱ्याच गल्ल्यांत बस शिरतच नाही, म्हणजे पैसे देऊन वर चालायचंच. आणि बघायचं मुख्य सगळं एका ओळीत आहे. पावडर टॉवरपासून जुना चौक, तिथून चार्ल्स ब्रिज, पूल ओलांडला की नेरुदोवा रस्ता आणि वर किल्ला. पूर्वी राज्याभिषेकाची मिरवणूक याच वाटेने जायची, जेमतेम अडीच किलोमीटर असेल.

गोची एकच, शेवटी चढ आहे. सगळे टुरिस्ट खालून वर धापा टाकत जातात, तुम्ही उलटं करा. २२ नंबरची ट्राम पकडून पोहोर्झेलेत्स स्टॉपला उतरा, तिथे स्त्राहोव्हचा मठ आहे, त्याच्या बाजूने अख्खं शहर खाली पसरलेलं दिसतं, लाल कौलं, मनोरे, मधून वल्तावा नदी. मग रमतगमत किल्ल्यात. आवारात तिकीट नाही, सिक्युरिटी चेक असू शकतो, सेंट व्हायटस कॅथेड्रल आतून नीट बघायचं तर मात्र तिकीट. हे कॅथेड्रल १३४४ साली बांधायला घेतलं आणि पूर्ण झालं १९२९ मध्ये, त्यामुळे आपल्याकडच्या उड्डाणपुलांना नावं ठेवताना जरा दमाने घ्या.

खाली येताना पायऱ्यांचा शॉर्टकट दिसेल, तो घेऊ नका. गुडघ्यांना चढण्यापेक्षा पायऱ्या उतरणं जास्त नडतं, म्हणून नेरुदोवाच्या उतारानेच या. हा रस्ता मला किल्ल्यापेक्षाही आवडतो. मारिया थेरेसा राणीच्या काळात, १७७० साली घरांना नंबर मिळाले, त्याआधी घर ओळखायचं ते दारावरच्या चिन्हावरून, कुठे तीन व्हायोलिन, कुठे दोन सूर्य. ती चिन्हं अजून आहेत, मान वर करून चाला (पण अधूनमधून खालीही बघा, फरसबंदी दगडांची आहे, मिसेसना जाड सोलचे जुने, पायात बसलेले बूटच घालू द्या, नवीन नकोत).

रस्ता चुकण्याचं म्हणाल तर तिथे तो सगळ्यांचाच चुकतो. नदी कुठल्या बाजूला आहे तेवढं लक्षात ठेवा. आणि घरांवर दोन-दोन पाट्या दिसतील, लाल आणि निळी, त्यात पत्ता शोधताना निळा नंबर बघायचा, तो रस्त्याप्रमाणे क्रमाने जातो, लाल नंबर त्या भागातल्या घरांच्या नोंदणीचा असतो, त्याच्या मागे लागलात तर शेजारी-शेजारी भलतेच आकडे येऊन डोकं फिरेल.

चार्ल्स ब्रिजवर सकाळी सातच्या आत जा, दहानंतर तिथे दादर स्टेशन होतं. चौकातलं १४१० सालचं घड्याळ बघायला दर तासाला गर्दी जमते, बाहुल्यांचा खेळ मिनिटभरात संपतो आणि लोक हिरमुसून निघून जातात. खेळ सोडा, तबकडी बघा. बाहेरच्या कड्यावर जुना चेक वेळ आहे, सूर्यास्तापासून मोजलेले चोवीस तास. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, त्यांचा दिवस मावळतीला सुरू व्हायचा.

एक गोष्ट फार महत्त्वाची. झेब्रा क्रॉसिंगवर कार तुमच्यासाठी थांबेल पण ट्राम थांबणार नाही, कायद्यानेच तिथे ट्रामला पहिला हक्क आहे. दोन्हीकडे बघूनच पाय टाका. आणि ट्रामचं कागदी तिकीट घेतलंत तर पिवळ्या मशीनमध्ये शिक्का मारायला विसरू नका, तपासनीस साध्या कपड्यांत फिरतात.

प्रश्न : प्रागमध्ये शाकाहारी माणसाने काय खावं? आणि युरो चालतात का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : स्माझेनी सीर मिळतं सगळीकडे, म्हणजे चीजचा जाड तुकडा ब्रेडक्रम्ब्समध्ये घोळवून तळलेला, सोबत बटाटे. आवरणात अंडं असतं हं, आणि सोबतच्या सॉसमध्येही. बटाट्याचं सूप मागवताना मटणाचं किंवा हाडांचं पाणी वापरलंय का विचारा. अंडंही चालत नसेल तर भारतीय हॉटेलं आहेत, तिकडे वळा. धुराड्यासारखं गोल, पोकळ त्रडेल्निक, म्हणजे भाजलेला गोड पाव, ‘जुना चेक पदार्थ’ म्हणून विकतात, तसं काही नाही, टुरिस्टांसाठी अलीकडे बोकाळलंय, पण गरम असेल तर लागतं बरं.

युरो काही दुकानं घेतात, पण रेट स्वतःचा लावतात. चलन कोरुना आहे, कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. रोख बदलून घेतलीच आणि रेट बघून धक्का बसला तर तीन तासांच्या आत त्याच काउंटरवर जाऊन व्यवहार रद्द करता येतो, १००० युरोपर्यंत, कारण सांगावं लागत नाही. २०१९ पासून तसा कायदाच आहे, फक्त पावती फेकू नका.