वचन ‘लागू करायचे’ की वचनाप्रमाणे ‘चालायचे’?

प्रश्न असा आहे: बायबल अभ्यासात आणि उपदेशात ‘हे वचन आपल्या जीवनाला लागू करा’ असे सर्रास म्हणतात. हा प्रयोग मराठीला धरून आहे का? आणि ‘अनुप्रयोग’ म्हटले तर जास्त बरोबर होईल का?

‘अनुप्रयोग’ आधी बाजूला ठेवू. तो तांत्रिक परिभाषेतला शब्द आहे, प्रार्थनेत कुणाच्याही तोंडी येत नाही.

‘लागू करणे’ व्याकरणाने चूक नाही, पण मराठीत लागू होतो तो नियम, कर किंवा कायदा. त्यामुळे ‘मोशेचे अन्नाविषयीचे नियम आजच्या विश्वासणाऱ्याला लागू आहेत का?’ हे वाक्य अगदी चपखल आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५ मध्ये यरुशलेमेत असाच वाद झाला: परराष्ट्रीयांतून, म्हणजे यहुदी नसलेल्यांतून, विश्वासात आलेल्यांना सुंतेचा नियम लागू आहे की नाही? तिथे दुसरा शब्द शोधायची गरज नाही.

रोजच्या चालण्याबोलण्याबद्दल बोलताना मात्र मराठी बायबलची क्रियापदे वेगळी आहेत. याकोब १:२२ म्हणते, ‘वचनाप्रमाणे आचरण करणारे असा, केवळ ऐकणारे असू नका’. इफिस ४:१ मध्ये पाचारणास शोभेल असे ‘चाला’ आहे. मत्तय २८:२० मध्ये शिष्यांना ‘पाळायला’ शिकवायचे आहे, म्हणजे आज्ञा पाठ होऊन भागत नाही. योहान ८:३१ मध्ये येशू म्हणतो की जे त्याच्या वचनात ‘राहतात’ ते खरोखर त्याचे शिष्य. आचरणे, चालणे, पाळणे, राहणे: या चारही क्रियापदांत हालचाल किंवा टिकून राहणे माणसाकडे आहे. वचन आपल्या जागी असते, जागा बदलायची ती आपण. ‘लागू करतो’ म्हटले की वाक्य उलटे फिरते. वचन कर्म होते, मी कर्ता होतो, आणि त्याला कुठे बसवायचे हे मी ठरवतो.

हा फरक केवळ व्याकरणाचा नाही, म्हणूनच मला तो महत्त्वाचा वाटतो. यिर्मया २९:११ घ्या. देवाच्या मनात हिताचे संकल्प आहेत, अनिष्टाचे नाहीत, असे सांगणारे हे वचन परीक्षा, मुलाखत, लग्न अशा प्रत्येक प्रसंगी ‘लागू’ केले जाते. पण ते आहे बाबेलला नेलेल्या बंदिवानांना लिहिलेल्या पत्रात. आधीचे १०वे वचन सत्तर वर्षांची मुदत सांगते, म्हणजे ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. तोवर करायचे काय, ते ५ ते ७ या वचनांत आहे: घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेले त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा. ज्यांनी देशोधडीला लावले त्यांच्याच नगरासाठी! ‘लागू करणारा’ ११वे वचन उचलून घेतो. ‘त्याप्रमाणे चालणाऱ्याला’ सातव्यापाशी थांबावेच लागते आणि न आवडणाऱ्या वरिष्ठाचे नाव प्रार्थनेत घ्यावे लागते. दिलासा ११व्या वचनात आहेच, पण तो या वाटेवरचा आहे.

याकोबाच्या ‘आचरण करणारे’साठी मूळ ग्रीक शब्द आहे ‘पोइएतेस’, म्हणजे घडवणारा, करणारा. प्रेषितांची कृत्ये १७:२८ मध्ये पौल कवींचा उल्लेख करतो, तिथेही हाच शब्द आहे. ‘लागू करणे’त ही घडवणुकीची छटा उतरत नाही, ‘आचरणात आणणे’त थोडीफार उतरते.

‘लागू पडणे’ ही आणखी निराळी गोष्ट. औषध लागू पडते, तसे ‘हे वचन मला लागू पडले’ असे खुशाल म्हणावे. तिथे वचन कर्ता आहे, आणि देवाचे वचन सजीव व सक्रिय आहे असे सांगणाऱ्या इब्री ४:१२ शी हा प्रयोग छान जुळतो.

तेव्हा अभ्यासगटात शेवटचा प्रश्न ‘हे वचन कसे लागू कराल?’ असा ठेवण्याऐवजी ‘या वचनाप्रमाणे या आठवड्यात काय कराल, आणि कोणाशी?’ असा विचारून पाहा. ‘कोणाशी’ गाळू नका. त्या शब्दाने उत्तरात एखाद्या माणसाचे नाव येते.