नव्यानं शिकवायला लागलेल्या प्राध्यापकांसाठी

इतिहास, समाजशास्त्राच्या वर्गात मराठी माध्यमातून आलेली मुलं गप्प बसतात ती बहुतेकदा इंग्रजीत चुकण्याच्या धास्तीनं. म्हणून प्रश्न विचारल्यावर लगेच हात वर करायला लावू नका. 2 मिनिटं वहीत लिहू द्या, मराठीत, हिंदीत, कशातही. मग शेजाऱ्याशी चर्चा, मग वर्गासमोर. पहिल्या हातालाच संधी दिलीत तर वर्षभर तेच चौघे बोलतात.

स्कॅन केलेलं पान अंध विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरसाठी, म्हणजे मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, नुसतं चित्र असतं. ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं मजकुरात बदलून घ्या, आणि जोडाक्षरं तपासा, ती हमखास बिघडतात.

कर्जत-कसाऱ्याहून लोकलनं येणारे असतात, तेव्हा गुणांची चाचणी पहिल्या 10 मिनिटांत नको. हजेरीला आडनावं मोठ्यानं वाचणं तर टाळाच, जात तिथेच उघडी पडते. रोल नंबर पुरतो.