एलईडी पारचा उजेड कमी केला की रंग का बदलतो?

तुम्ही म्हणता, नाटकातल्या सूर्यास्तासाठी एलईडी पारवर (रंग बदलणाऱ्या स्टेजच्या दिव्यांवर) केशरी लावला, क्यूएलसी प्लसमध्ये (लॅपटॉपवरून दिवे चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) लाल-हिरव्याचे फेडर, म्हणजे सरकपट्ट्या, एकत्र खाली आणले, तर केशरीचा लाल झाला आणि शेवटी दिवे फटकन गेले. दिवे ठीक आहेत, घोळ वजाबाकीचा आहे.

समजा तुमचा केशरी म्हणजे लाल २५५, हिरवा १२०, निळा ० (० म्हणजे बंद, २५५ म्हणजे पूर्ण). दोन्ही फेडर १२० ने उतरवलेत की हिरवा संपला, उरला निव्वळ लाल १३५. रंग टिकवायचा तर प्रमाण टिकायला हवं. निम्मा उजेड म्हणजे साधारण १२८ आणि ६०. हे बोटांनी जमत नाही, म्हणून रंगाचे फेडर एकदा लावून विसरायचे आणि उजेडासाठी वेगळा फेडर ठेवायचा.

पारच्या पाठीमागचा मेनू बघा. चॅनेल म्हणजे दिव्याची एकेक गोष्ट चालवणारा आकडा. ३ चॅनेलच्या मोडमध्ये फक्त रंग असतात. ७ किंवा ८ चॅनेलच्या मोडमध्ये बहुधा मास्टर डिमर, म्हणजे सगळा उजेड एकत्र कमी-जास्त करणारा चॅनेल, मिळतो. तो कितव्या चॅनेलवर आहे ते दिव्याबरोबरच्या कागदावर असतं, तो कागद फेकू नका. मोड बदलला की पत्तेही (प्रत्येक दिव्याच्या पहिल्या चॅनेलचा क्रमांक) बदला: ७ चॅनेल असतील तर ००१, ००८, ०१५ असे. सॉफ्टवेअरमध्येही तोच मोड निवडा. आमच्या पहिल्या तालमीत दिव्यावर एक मोड होता, लॅपटॉपवर दुसरा. आईच्या मृत्यूच्या प्रसंगात मी निळा वर केला आणि स्ट्रोब (झपझप लुकलुक) सुरू झाला. आई हसत उठून बसली.

डिमर चॅनेल नसेलच, तर सॉफ्टवेअरच्या व्हर्च्युअल कन्सोलमध्ये (पडद्यावरच्या फेडर-बटणांच्या पानावर) एक फ्रेम, म्हणजे चौकट, घ्या, रंगांचे स्लायडर तिच्यात ठेवा आणि आणखी एक स्लायडर सबमास्टर करा. तो सगळ्यांना प्रमाणात उतरवतो. ग्रँड मास्टरनेही (सगळ्या दिव्यांचा एकच फेडर) हे होतं, पण त्याच्या सेटिंगमध्ये 'रिड्यूस' हवं. 'लिमिट' असेल तर तो वरचं टोक नुसतं छाटतो: मर्यादा १२० वर आली की लाल १२०, हिरवाही १२०, आणि तुमचा सूर्यास्त पिवळट-हिरवा.

आता ते फटकन जाणं. साध्या ८ बिटच्या चॅनेलवर ० ते २५५ इतक्याच पायऱ्या. २०० वरून १९९ वर आलेलं कुणाला कळत नाही, पण २ वरून १ म्हणजे उजेड जवळपास निम्मा. हॅलोजनची तार गार व्हायला वेळ घेते, त्यामुळे तिथे हे झाकलं जायचं. चॅनेल मॉडिफायरमध्ये (फेडरचा आकडा दिव्याकडे जाताना बदलणारी सेटिंग) 'एक्स्पोनेन्शियल मीडियम' लावून बघा, तळाशी फेडरला जास्त जागा मिळते. पायऱ्या मात्र वाढत नाहीत. आणि हा मॉडिफायर फक्त डिमर चॅनेलला लावा. रंगांना लावलात तर प्रमाण पुन्हा बिघडेल. शेवटच्या फेडसाठी मी अजूनही एक जुना हॅलोजन पार कोपऱ्यात ठेवतो. एलईडी आधी जातात, तो मागून हळूच विझतो.

एक मात्र नक्की करा. जुन्या नाट्यगृहात स्टेजवरचे सॉकेट बऱ्याचदा डिमरवर असतात, म्हणजे त्यांची वीजच कमी-जास्त होते. एलईडी पार त्यांना लावू नका, आतला पॉवर सप्लाय जळू शकतो. लाइटवाल्या काकांकडून थेट लाइन मागून घ्या.