इंटरनेट नवीन होतं तेव्हा डॉक्टरांच्या गाइडलाइन्स सामान्य माणसाला वाचता यायच्या का?

हो, अमेरिकेत तरी यायच्या, तेही फुकट. नव्वदच्या दशकात तिथल्या एएचसीपीआर या सरकारी संस्थेने १९ गाइडलाइन्स (कुठल्या आजारात डॉक्टरांनी काय करावं याच्या सूचना) काढल्या आणि नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने त्या एचस्टॅट नावाच्या डेटाबेसमध्ये अख्ख्या टाकल्या, म्हणजे घरी मॉडेम असला की कुणीही वाचा. १९९४ ची कंबरदुखीवालीच घ्या ना, चार दिवसांपेक्षा जास्त झोपून राहू नका, उगाच लगेच एक्स-रे काढू नका असं त्यात स्पष्ट होतं, शिवाय पेशंटसाठी सोप्या भाषेत वेगळी पुस्तिका! मला तर हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. १९९७ ला पबमेड या साइटवर मेडलाइन हा वैद्यकीय लेखांचा डेटाबेस फुकट झाला, पण तिथे बहुतेक लेखांचे सारांशच मिळायचे. नंतर आलेली नॅशनल गाइडलाइन क्लिअरिंगहाउस ही गाइडलाइन्स एका जागी देणारी सरकारी साइट २०१८ मध्ये निधीअभावी बंद केली, फार चुकीचं केलं.